घरातली जुनी सायकल : मोल आणि डागडुजी

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जिन्याखाली, पडवीत किंवा माळ्यावर एक जुनी सायकल उभी असेल. निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत होती. ग्वाल्हेरच्या लष्करातला वाडा असो, बडोद्याच्या दांडिया बाजारातले घर असो किंवा हैदराबादच्या सुलतान बाजारातले बिऱ्हाड असो. आजोबा तिच्यावरून कचेरीत किंवा शाळेत गेले, वडील तिच्या दांडीखालून पाय घालून शिकले, आणि आपण तिच्या कॅरियरवर बसून गाव पाहिले. घरातली भांडी, पोथ्या, पत्रे यांचा इतिहास आपण आस्थेने सांगतो. सायकलीचा इतिहास मात्र भंगारवाल्याच्या तराजूवर संपतो.

आमच्या घरी बेळगावात अशीच एक सायकल आहे. फ्रेम नॉटिंगहॅमच्या रॅलेची. चेनव्हील मात्र बी.एस.ए.चे, त्यावर ती तीन अक्षरे कोरून काढलेली आहेत. मागच्या चाकाची रिम हिंद सायकलची. दोन पेडले दोन घराण्यांची. सीटचा सांगाडा ब्रुक्सचा, पण त्यावरचे कातडे गावातल्याच चर्मकाराने ताणून बसवलेले. कॅरियर लोहाराकडचा. दोन वर्षांपूर्वी जुन्या सायकली जमवणारे एक गृहस्थ ती पाहायला आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाले, “फ्रेमचे आणि चिमट्याचे पैसे देतो. बाकी सगळे बेमेळ आहे, ते तुम्ही ठेवा.” माझ्या पुतण्याचे मत पडले की द्यावी, घर दुरुस्तीला निघाले आहे, जागा नाही. मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे पाहिले, वाचले आणि ताडून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्याकडेही असा गृहस्थ आज ना उद्या येईलच.

आधी थोडे मागे जाऊ. आज आपण जिला सायकल म्हणतो ती दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली ‘सेफ्टी’ सायकल, जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे ‘रोव्हर’ या नावाने काढली. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. याच १८८८ सालापासून किर्लोस्कर ब्रदर्स आपल्या उद्योगाचा आरंभ मोजतात, आणि तो आरंभ बेळगावातला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांचे बेळगावातले सायकलचे दुकान हे त्या घराण्याच्या उद्योगाचे मूळ. ज्या रस्त्यावर ते होते त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या भागातल्या यंत्रविद्येच्या इतिहासाचे पहिले पान सायकलीच्या दुकानात उघडते, हे बेळगावच्या वाचकांना ठाऊक असते. इंदूर-बडोद्याच्या वाचकांनीही ते ध्यानात ठेवावे.

ज्या सायकली आपल्या घरांत आल्या त्या बहुतेक मूळच्या इंग्लंडच्या : रॅले, हंबर, रज, बी.एस.ए., हर्क्युलिस. प्रत्येकीची खूण निराळी होती. रॅलेचा बगळा, रजच्या चेनव्हीलमधला उघडा पंजा, हंबरचा दुहेरी नळ्यांचा चिमटा आणि चेनव्हीलमध्ये हात धरून उभी असलेली माणसे, बी.एस.ए.च्या तीन बंदुका. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली निघालेला हा कारखाना मूळचा बंदुकांचाच. या खुणा पाहून आपले आजोबा लांबून सायकल ओळखत.

पण बगळा दिसला म्हणजे सगळे रॅलेचे, असे मात्र नव्हे. रॅलेने १९३२ साली हंबरच्या सायकली आपल्याकडे घेतल्या, १९४३ साली रज घेतली, १९५७ साली बी.एस.ए.चा सायकल विभाग घेतला. म्हणजे पन्नाशीनंतरच्या हंबरच्या पोटात रॅलेचेच भाग निघणार. ज्याला आपण बेमेळ म्हणतो तो मेळ पुष्कळदा कारखान्यातच घातलेला असे. १९५२ साली आसनसोल येथे सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला, तेव्हा रॅलेचे नाव भारतातच तयार होऊ लागले. म्हणून बगळ्याखाली गावाचे नाव कोणते आहे ते वाचावे. एका शब्दावर पंधरा-वीस वर्षांचा फरक पडतो.

आता आपल्याकडच्या सायकलीत बेमेळ का शिरला, ते पाहू. १९३९ साली युद्ध सुरू झाले. इंग्लंडातले कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. ज्या सायकली निघत त्यांना क्रोमचा मुलामा मिळेना. हँडल, रिम, क्रँक सगळे काळ्या रंगात येऊ लागले. इकडे येणारा माल आटला. मुंबईत हिंद सायकलचा कारखाना युद्धाच्या तोंडावरच उभा राहिला होता. तेव्हा मोडलेल्या विलायती भागाच्या जागी देशी भाग बसवणे ही कोणाची हौस नव्हती, तो एकच मार्ग होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि देशातल्या कारखान्यांना वाव मिळाला. १९४९ साली मद्रासकडे टी. आय. सायकल्स निघाली आणि हर्क्युलिस तिथे बनू लागली. १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियानात हीरो. लुधियानाचा माल गावोगावच्या दुकानांत पोहोचला आणि इंग्रजी फ्रेमवर पंजाबी पेडल बसले. हिंद सायकल आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या पुढे अडचणीत आल्या आणि १९८० साली एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या.

हे सारे आमच्या सायकलीवर लिहिलेले आहे. फक्त वाचता यायला हवे. मला ते वाचता आले ते आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीमुळे. आजोबा शाळामास्तर. रुपये-आणे-पैच्या रकान्यांत त्यांनी सायकलीचा प्रत्येक खर्च लिहिला आहे. मागच्या रिमची नोंद युद्धाच्या मधल्या सालातली आहे, आणि पुढे कंसात लिहिले आहे : “विलायती मिळत नाही.” चेनव्हीलची नोंद त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली : दात झिजून साखळी सुटत होती, आणि एका ओळखीच्या कारकुनाच्या मोडीत निघालेल्या बी.एस.ए.चे चेनव्हील क्रँकसह मिळाले. सीटचे कातडे फाटले त्या वर्षी घरात एक लग्न झाले होते. नवी सीट येणे शक्य नव्हते, म्हणून नुसते कातडे बदलले. ज्या भागांना ते गृहस्थ “बाकी बेमेळ” म्हणाले, त्या प्रत्येकापुढे आमच्या घरचे एक साल आहे.

सगळ्यांच्या घरी अशी वही नसते. पण इतर खुणा असतात. पावती सापडली तर पैसे कोणत्या नाण्यात आहेत ते पाहावे. आणे-पै असतील तर ती १ एप्रिल १९५७च्या आधीची असण्याचा संभव फार. त्या दिवशी दशमान नाणी आली. हैदराबादच्या वाचकांना किंमत हाली रुपयांत दिसेल. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, हे गणित मांडल्याशिवाय किमतीची तुलना करू नये. बेळगावच्या पावतीवर मुंबई सरकारचा छाप असेल तर ती १ नोव्हेंबर १९५६च्या आधीची. गोव्यात १९६१च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज राज्य होते आणि तिथले आयातीचे नियम निराळे होते. म्हणून तिथल्या घरातल्या सायकलीला बेळगावचे कोष्टक लावू नये. नगरपालिकेच्या सायकल-कराचा पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला राहिला असेल तर तो कधीही काढून फेकू नये. त्यावर बहुधा गाव आणि साल दोन्ही असतात.

सायकलीच्या अंगावरही तारखा असतात. तीन गिअरचे स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्या पोटावरचे तेल पुसून पाहा, ‘ए. डब्ल्यू.’ ही अक्षरे आणि जवळ सालाचे आकडे उमटवलेले दिसतील. हा नमुना १९३६ साली निघाला, तेव्हा त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या सायकलीत तो असेल तर चाक मागून बसवलेले आहे. चकाकी पाहावी : निकेलची चमक किंचित पिवळसर आणि ऊबदार, क्रोमची निळसर आणि थंड. क्रोम १९३०च्या सुमारास रूढ झाले. तारा मोजाव्यात. जुन्या इंग्रजी पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असत. दोन्हीकडे ३६ निघाल्या तर चाके बदललेली आहेत किंवा सायकल निराळ्या घराण्याची आहे.

आता मोलाकडे येऊ. जुन्या सायकलीचे मोल तीन प्रकारचे असते, आणि ते एकमेकांत मिसळले की घरात भांडण होते. पहिले बाजाराचे मोल. बाजार फ्रेम आणि चिमटा एकाच जन्माचे आहेत का, फ्रेमवरचा आकडा वाचता येतो का, मूळ रंग आणि सोनेरी रेघा किती उरल्या आहेत, आणि भाग किती पुरे आहेत, हे पाहतो. तिथे बेमेळाने किंमत उतरते, यात बाजाराचा दोष नाही. दुसरे वापराचे मोल. ही सायकल उद्या सकाळी भाजी आणायला नेता येईल का? इथे मूळ भाग आणि देशी भाग सारखेच; खरे तर देशी रिमचे टायर आजही मिळतात, हा फायदाच. तिसरे साक्षीचे मोल. ही वस्तू काय सांगते जे दुसरीकडे लिहिलेले नाही? इथे बेमेळ भाग हाच मजकूर असतो. संग्रहालयात ठेवण्याजोगी अखंड रॅले नॉटिंगहॅमचा इतिहास सांगेल. बेळगावच्या एका शाळामास्तराने युद्धाच्या काळात शाळा कशी चुकवली नाही, हे तिला सांगता येणार नाही.

पण एवढ्यावरून प्रत्येक बेमेळ भाग पूज्य मानावा, असे कोणी समजू नये. बेमेळाचेही तीन प्रकार करावे लागतात. एक, गरजेचा आणि जुळलेला : भाग दुसऱ्या घराण्याचा, पण मापात बसणारा. तो ठेवावा. दुसरा, जबरदस्तीचा : मापात न बसणारा भाग ठोकून बसवलेला. तो इतिहास खरा, पण ती जखम आहे. ती भरलीच पाहिजे. तिसरा, फसवणुकीचा : साध्या फ्रेमवर नामांकित बिल्ला ठोकून विकायला काढलेली सायकल. तिथे बिल्ल्याची भोके आणि फ्रेमवरची जुनी भोके जुळतात का, ते पाहावे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आमच्याच सायकलीत निघाले. पेडलची एक्सल ज्या आडव्या नळीत फिरते, तिच्या दोन्ही टोकांना आट्यांच्या वाट्या बसतात. इतर इंग्रजी सायकलींत या आट्यांचे माप इंचाला २४. रॅलेने मात्र आपले निराळे माप ठेवले, इंचाला २६. वाटीचा व्यास दोन्हींत एकच, पावणेदोन इंचांहून तीन सूत कमी, म्हणजे एक पूर्णांक तीन-अष्टमांश इंच. त्यामुळे फसायला होते. २४ आट्यांची वाटी २६च्या नळीत एक-दोन फेरे जाते आणि अडते. मग कोणीतरी लांब पाना लावून जोर करतो, आणि नळीतले आटे कापले जातात. आमच्या डाव्या बाजूला नेमके हेच झाले होते. क्रँक हलत होता तो कॉटर पिन सैल म्हणून, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो आणि पिना ठोकत होतो.

म्हणून डागडुजीचा क्रम सांगतो. हात लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक भागाची यादी करावी. नंतर नुसते पुसावे : रॉकेलचा बोळा, मऊ फडके; सँडपेपर नव्हे. फ्रेम सरळ आहे का ते दोऱ्याने कळते. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा निघून पुढच्या मानेच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. अंतर सारखे, तर फ्रेम सरळ. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या फ्रेमवर पुढचा खर्च करण्याआधी जाणत्या माणसाला दाखवावे. मग उघडाउघड. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि उजव्या बाजूच्या वाटीचेही उलटे; हे विसरून जोर लावला की चांगला भाग मोडतो. कॉटर पिन ठोकताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाहीतर हातोड्याचा मार गोळ्या आणि वाट्या खातात. गोळ्या नेहमी नव्या घालाव्यात; पेडलच्या एक्सलला पाव इंची, बाजूला अकरा. त्यांत काटकसर करू नये. कातडी सीट तेलात भिजवू नये, ती ढिली पडून झोळी होते. वापरायची असेल तर ब्रेकचे रबर, केबल असल्यास केबल, टायर आणि ट्यूब हे नवेच हवेत. जिवाशी संबंध असलेल्या भागांत जुन्याचा हट्ट धरू नये. आपल्याकडे ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते एवढेच. रंग शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

रंगाबद्दल मी एवढे ठासून का सांगतो, ते कबूल केले पाहिजे. मी कॉलेजात गेलो तेव्हा ही सायकल माझ्याकडे आली. काळी, म्हातारी सायकल मला लाजिरवाणी वाटे. मी ती रंगाऱ्याकडे नेली आणि निळी करायला सांगितले. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आजोबांचे नाव आणि शाळेचे नाव सुबक अक्षरांत लिहिलेले होते. रंगारी भला माणूस. त्याने विचारले, “नाव राहू द्यायचं का?” मी म्हटले, “पुसून टाक.” त्याने सँडपेपर मारला. आजोबा तेव्हा हयात होते. सायकल घरी आणली तेव्हा त्यांनी मडगार्डवर हात फिरवला आणि “छान चकचकीत झाली” एवढेच म्हणाले. आज निळ्या रंगाखाली ती अक्षरे शोधायचा मी प्रयत्न केला. खाली नुसता पत्रा आहे.

त्या अक्षरांचे बाजारात काही आले असते की नाही, मला ठाऊक नाही. पण या सायकलीवर तेवढा एकच भाग असा होता की जो दुसऱ्या कुठल्याही सायकलीवरून काढून आणता येणार नाही. बगळ्याचे चेनव्हील शोधले तर मिळेल. त्या गृहस्थांनी ते देऊही केले होते. मूळ रिम मिळेल. सीट आजही बनते. नाव मिळणार नाही.

शेवटी आम्ही काय केले? बी.एस.ए.चे चेनव्हील ठेवले. ते मापात बसते आणि वहीत त्याची नोंद आहे. हिंदची रिम ठेवली, चाकाची आउट काढली, मोडलेल्या चार तारा बदलल्या. डाव्या बाजूची ठोकलेली वाटी काढली, नळीचे आटे २६च्या टॅपने साफ करून घेतले आणि रॅलेची वाटी बसवली. काढलेली वाटी फेकली नाही. ती एका डबीत, चिठ्ठीसह आहे. लोहाराचा कॅरियर जागेवर आहे. निळा रंगही राहू दिला, कारण तोही आता झाला आहे, आणि तो माझा आहे. सायकल विकली नाही. त्या गृहस्थांना मी वही दाखवली, त्यांनी ती पुरी वाचली, आणि जाताना पुतण्याला म्हणाले, “ही फोडू नका. मी घेतली असती तर फोडलीच असती.”

पुतण्या आता रविवारी तिच्यावरून किर्लोस्कर रोडपर्यंत जाऊन येतो. जागेची अडचण होती तशीच आहे.

वाचकहो, आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषांच्या शेजारात राहिली आहेत. आपल्या बोलीत कानडी शब्द आहेत, हिंदी आहेत, गुजराती, दखनी, कोंकणी आहेत. बाहेरून आलेला पाहुणा कधी कधी म्हणतो, तुमची मराठी शुद्ध नाही. त्याला उत्तर काय द्यायचे, ते ज्याने त्याने ठरवावे. मी एवढेच म्हणेन की कोणता भाग जुळून बसला आहे आणि कोणता ठोकून, हे घरच्यालाच कळते. आणि तेही त्याने आधी नीट पाहिले तर.

म्हणून एक विनंती. या सुट्टीत जिन्याखालची सायकल उजेडात आणा. पुसा. भागांची यादी करा. घरातले सर्वांत वडील माणूस शेजारी बसवा आणि प्रत्येक भागावर बोट ठेवून विचारा : हा कधी आला, कुठून आला, काय मोडले होते? उत्तरे लिहून ठेवा. विकायची की ठेवायची, हे त्यानंतर ठरवा. आणि मडगार्डवर कोणाचे नाव असेल, तर त्याला सँडपेपर लावू नका.